एकच स्लरी, पाच तऱ्हांनी गोठवली

फ्रीझ कास्टिंगने, म्हणजे गोठवून, छिद्रं असलेलं सिरॅमिक करायचं हे माझं काम, आणि त्यातले पहिले चार महिने मी पावडरच बदलत बसले होते. सिरॅमिकच्या तुकड्यातली छिद्रं एकसारखी येत नव्हती, एका बॅचमध्ये बारीक तर दुसऱ्या बॅचमध्ये ढोबळ, एकाच तुकड्यात खाली वेगळी आणि वर वेगळी, त्यामुळे साहजिकच वाटलं की मालातच काहीतरी फरक पडतोय. मग कणांचा साईझ परत मोज, डिस्पर्संट वाढव, बाइंडर कमी कर, पावडर दळणारी बॉल मिल बारा तासांऐवजी चोवीस तास फिरव, असं सगळं चालू होतं. एक दिवस लॅबमधल्या सीनियर ताईंनी विचारलं, "अगं पण गोठवतेस कशी, ते कुठे लिहून ठेवलंयस का?" मी वही उघडली. पावडरीबद्दल चार-चार पानं होती आणि गोठवण्याबद्दल दर वेळी एकच ओळ, 'फ्रीझरमध्ये ठेवलं, रात्रभर'.

त्या एका प्रश्नामुळे पुढचं जवळजवळ वर्षभराचं काम बदललं, आणि ते कसं कसं झालं तेच इथे सांगायचंय.

ज्यांना फ्रीझ कास्टिंग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. सिरॅमिकची बारीक पावडर पाण्यात कालवायची, ती खाली बसू नये आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून डिस्पर्संट घालायचं, नंतर तुकडा धरून राहावा म्हणून थोडा बाइंडर. ही झाली स्लरी. ती साच्यात ओतून गोठवायची. पाण्याचा बर्फ होताना तो सिरॅमिकचे कण आत घेत नाही, बाजूला ढकलतो, आणि मग बर्फाच्या दोन पात्यांच्या मधल्या जागेत हे कण दाबून बसतात. नंतर व्हॅक्यूममध्ये बर्फाची थेट वाफ करून टाकायची, मध्ये पाणी होऊच द्यायचं नाही, आणि उरलेला खडूसारखा ठिसूळ तुकडा भट्टीत भाजायचा. जिथे बर्फ होता तिथे आता छिद्र, म्हणजे तयार तुकड्यातलं प्रत्येक छिद्र हा एका बर्फाच्या स्फटिकाचा ठसा असतो, आणि हे नुसतं बोलायला म्हणून नाही, मायक्रोस्कोपखाली बर्फाच्या पात्यावरचे बारीक बारीक कंगोरेसुद्धा सिरॅमिकच्या भिंतीवर तसेच्या तसे उमटलेले दिसतात.

समुद्राचं पाणी गोठताना हेच होतं, मीठ बर्फात शिरत नाही, खारट पाणी बर्फाच्या मधल्या बारीक नळ्यांमध्ये अडकून राहतं. सिरॅमिकवाल्यांना ही गोठवायची पद्धत जुनीच माहीत होती, १९५४ साली अमेरिकेत नासाच्या आधीची जी 'नाका' (NACA) संस्था होती तिथे टर्बोसुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या, पात्यांसाठी ती करून बघितली होती, पण त्यांना छिद्रं नकोच होती, घट्ट तुकडा हवा होता, म्हणून ते अगदी जाड स्लरी घ्यायचे. छिद्रांसाठी म्हणून मुद्दाम एका दिशेने गोठवायचं हे नंतरचं, आणि २००६ मध्ये 'सायन्स'मध्ये डव्हील, साइझ, नल्ला आणि टॉम्सिया यांचा पेपर आला, त्यात शिंपल्याच्या आतल्या मोत्यासारख्या थरासारखी रचना बर्फाकडून करून घेतली होती, तेव्हापासून या विषयात खूप लोक आले. मी त्यातलीच एक, बरीच उशिरा आलेली.

तर माझी रेसिपी. अॅल्युमिनाची (अॅल्युमिनियम ऑक्साइडची) पावडर, कण साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आतले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), घनफळाने २५ टक्के. अॅल्युमिनाची घनता ३.९६ धरली तर १०० मिलि स्लरीत ९९ ग्रॅम पावडर आणि ७५ मिलि पाणी. ऐकायला पावडर खूप वाटते पण स्लरी दुधासारखी पातळ असते, डिस्पर्संट नीट बसलं की बाटली हलवली तर सहज हिंदकळते. बाइंडर म्हणून थोडं पीव्हीए. रात्रभर बॉल मिल, मग व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे काढायचे. हे बुडबुडे काढणं कंटाळवाणं आहे पण चुकवू नका, नाहीतर मायक्रोस्कोपखाली गोल गोल भोकं दिसतात आणि उगाच वाटतं की काहीतरी नवीन सापडलं.

ताईंनी सांगितलं की आता पावडरीला हातच लावू नकोस. मोठी बॅच बनव, बाटली रोलरवर फिरत ठेव, आणि त्याच बाटलीतून ओतून वेगवेगळ्या तऱ्हेने गोठव. तसंच केलं. पहिल्या तीन तऱ्हा एकाच बाटलीतल्या, नंतरच्या दोन त्याच पिशवीतल्या पावडरीच्या आणि त्याच मापाच्या.

पहिली अर्थातच माझी जुनी, साधा उणे वीसचा फ्रीझर. या वेळी फक्त स्लरीच्या मधोमध थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, सोडून ठेवला आणि दर पाच सेकंदाला तापमान नोंदवलं. काय दिसलं, तर तापमान शून्याच्या खाली गेलं, उणे चार, उणे सहा, आणि तरी गोठायचं नाव नाही, पाणी नुसतंच अतिथंड होत राहिलं. मग एकदम आकडा उडी मारून शून्याच्या जवळ वर आला, कारण बर्फ सुरू झाला की उष्णता बाहेर टाकतो. आणि त्यानंतर कितीतरी वेळ तिथेच. म्हणजे सुरुवात कधी होणार आणि कुठून होणार यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं, एका कपात काठाला सुरू व्हायचं, दुसऱ्यात तळाला, आणि चार महिने मी हेच पावडरीच्या माथी मारत होते. भाजून कापल्यावर आत ढोबळ पात्यांचे गठ्ठे, एक गठ्ठा या दिशेला तर शेजारचा त्या दिशेला, आणि मध्ये मध्ये आडव्या भेगा. या आडव्या भेगांना आईस लेन्स म्हणतात, थंड प्रदेशात हिवाळ्यात रस्ते आणि जमीन फुगून वर येते ती याच्यामुळेच, पाणी एका जागी ओढलं जाऊन बर्फाची आडवी चकती तयार होते आणि वरचा भाग उचलला जातो.

दुसरी तऱ्हा, साचा उचलून सरळ लिक्विड नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६. मला वाटलं होतं इतक्या पटकन गोठलं तर सगळं एकसारखं बारीक येईल. छिद्रं बारीक आली हे खरं, काही मायक्रॉनच्या मापातली, पण ती चारी बाजूंनी मध्याकडे तोंड करून, चाकाच्या आऱ्यांसारखी. थंडी सगळीकडून आत शिरत होती तर बर्फही सगळीकडून आत वाढला. आणि तुकडा मधून फुटला. कारण समजायला सोपं आहे, बाहेरचं कवच आधी कडक झालं, आतलं पाणी नंतर गोठलं, आणि बर्फ होताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, त्याला जायला जागाच नाही. साचा बाहेर काढला तेव्हाच बारीक कटकट असा आवाज येत होता. असे सहा तुकडे केले, सहाही तडकले. स्लरीत थोडं ग्लिसरॉल घातलं की हे फुगणं कमी होतं असं वाचलं होतं आणि करून बघितलं तर भेगा खरंच कमी झाल्या, पण मग रेसिपी बदलली, म्हणून तो नाद सोडला.

तिसरी तऱ्हा, एका बाजूनेच गोठवणं. खाली तांब्याची जाड चकती, तिला उणे साठवर धरून ठेवलेली, वर अॅक्रिलिकची पारदर्शक नळी, आतून २० मिमी, सांध्याला व्हॅक्यूम ग्रीस. अॅक्रिलिकमधून उष्णता फारशी जात नाही म्हणून थंडी फक्त खालून वर चढते. नळीला बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवली, बाजूने टॉर्च मारला आणि समोर फोन लावून दर तीस सेकंदांनी फोटो.

सुरुवातीला काहीच कळत नाही, पांढऱ्यात पांढरं. मग डोळा सरावला की दिसतं, गोठलेला भाग खडूसारखा मंद आणि वरची ओली स्लरी किंचित चकाकणारी, आणि दोघांच्या मध्ये एक बारीक रेष. ती रेष वर सरकते. पहिल्या मिनिटात डोळ्यादेखत पळते, नंतर घड्याळाचा मिनिटकाटा बघावा तशी. १० मिमीवर पोचायला तीन मिनिटं लागली, २० मिमीला साधारण बारा, आणि ३० मिमीला सत्तावीस. मी आकडे वहीत लिहिले आणि बघतच राहिले. दुप्पट उंची, चौपट वेळ. तिप्पट उंची, नऊपट वेळ. कारण बर्फाचा थर जितका जाड होत जातो तितका तोच थंडी आणि स्लरी यांच्यामध्ये भिंत बनून उभा राहतो, उष्णता त्या सगळ्या बर्फातून खाली जायची असते. म्हणजे चकतीचं तापमान मी एकदम स्थिर धरलं होतं तरी गोठण्याचा वेग स्थिर नव्हताच, १० मिमीवर तो सेकंदाला २८ मायक्रॉनच्या आसपास येतो आणि ३० मिमीवर जेमतेम नऊ-दहा.

आणि छिद्रं त्या वेगाच्या मागोमाग जातात. हा तुकडा भाजून उभा कापला, रेझिन भरून घासून पॉलिश केला आणि एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, खालून वर सरकत फोटो घेतले. अगदी तळाला जेमतेम काही दशांश मिलिमीटरचा घट्ट थर, छिद्रं जवळपास नाहीतच. त्याच्या वर थोडीशी वेडीवाकडी, कुठल्याच दिशेची नसलेली जागा. मग पाती सुरू होतात, समांतर, उभी, वर जाणारी, एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंतचं अंतर १० मिमीच्या उंचीवर विसेक मायक्रॉन आणि माथ्याजवळ चाळिसाच्या वर. एकाच तुकड्यात. आधी मी ज्याला 'एकाच तुकड्यात खाली वेगळी आणि वर वेगळी' म्हणत होते त्याचं उत्तर इथे समोर पडलं होतं.

तळाचा घट्ट थर का येतो तेही सांगते, कारण मला ते समजायला वेळ लागला. सुरुवातीला पाणी अतिथंड झालेलं असतं, आणि पहिला स्फटिक जन्मला की बर्फ इतक्या वेगाने धावतो की कणांना बाजूला व्हायला फुरसतच मिळत नाही, ते आहेत तिथेच बर्फात गाडले जातात. कण ढकलले जाणार की गाडले जाणार यासाठी एक ठरावीक वेग असतो, कण जितका मोठा तितका हा वेग कमी. त्या वेगाच्या वर गेलात तर रचना नाही. उलट फारच हळू गोठवलंत, सेकंदाला एखाद मायक्रॉनच्याही खाली, तर बर्फाची कड सपाट राहते आणि सगळे कण एकत्र पुढे ढकलत नेते, तेव्हाही पाती नाहीत. पाती मिळतात ती मधल्या पट्ट्यात, आणि आपलं सगळं काम त्या पट्ट्यात राहण्याचं.

आणि पातीच का, गोल नळ्या का नाहीत? बर्फाचा स्फटिक षटकोनी असतो आणि तो सगळ्या दिशांना सारख्या वेगाने वाढत नाही, त्याच्या पसरट दिशेत जो वेग असतो तो जाडीच्या दिशेतल्या वेगापेक्षा शेकडो पटींनी जास्त. म्हणून पातळ, रुंद पाती. पाणी बदललं की आकारही बदलतो. टर्ट-ब्युटाइल अल्कोहोल घेतलं, ते साधारण २५ अंशांना गोठतं, तर लांबट खांबासारखी छिद्रं येतात. कॅम्फीन घेतलं तर झाडाच्या फांद्यांसारखी, शिवाय ते खोलीच्या तापमानालाच गोठतं आणि गोठलेलं आपोआप उडून जातं, त्याला व्हॅक्यूमही लागत नाही. आणि पाण्यातच झिर्कोनियम अॅसिटेट घातलं तर पात्यांच्या ऐवजी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं मिळतात, कारण ते बर्फाच्या वाढीलाच वळण लावतं. कॅम्फीन मी एकदाच वापरलं, वास डोक्यात बसला. पाण्यावरच राहिले.

चौथी तऱ्हा हे माझं सगळ्यात आवडतं काम. वेग स्थिर हवा असेल तर चकती स्थिर ठेवून चालणार नाही, बर्फ जाड होत जाईल तशी चकती अजून थंड करत न्यायला हवी. त्यासाठी तांब्याचा जाड दांडा घेतला, खालचं टोक लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवलेलं, वरच्या टोकाजवळ हीटरची पट्टी गुंडाळलेली आणि थर्मोकपल बसवलेला. नायट्रोजन सतत खाली ओढतो, हीटर सतत वर धरून ठेवतो, आणि कंट्रोलर हीटर कमी-कमी करत नेतो. मिनिटाला दहा अंश, मिनिटाला पाच, मिनिटाला एक, जो म्हणाल तो.

कंट्रोलर ट्यून करायला तीन आठवडे गेले. हीटर मध्येच जास्त जोर करायचा, तापमान चार अंश वर-खाली झोके घ्यायचं, आणि कापलेल्या तुकड्यात ते झोके आडव्या पट्ट्यांच्या रूपात दिसायचे, बारीक-जाड-बारीक-जाड. तेव्हा मनस्ताप झाला खरा, पण आता मागे वळून बघते तर त्या पट्ट्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याच ग्राफने नाही, कारण चकतीत काही सेकंद जे घडलं ते सिरॅमिकमध्ये कायमचं लिहून ठेवलं गेलं होतं. सर तो तुकडा खिडकीशी नेऊन भिंगाखाली फिरवत राहिले आणि म्हणाले, "हा फेकू नकोस, जपून ठेव." अजून जपून ठेवलाय.

शेवटी कंट्रोलर बसला. मिनिटाला दहा अंशांनी उतरवलं तर रेष सेकंदाला विसेक मायक्रॉनने चढली आणि पात्यांमधलं अंतर पंचवीस मायक्रॉनच्या जवळपास, खालपासून वरपर्यंत जवळजवळ तेवढंच. मिनिटाला एक अंशाने उतरवलं तर रेष चार-पाच मायक्रॉनने चढली, ३० मिमी गोठायला पावणेदोन तास लागले, आणि अंतर सत्तरच्या पुढे गेलं. ढोबळ हिशोब असा की वेग वाढला की अंतर त्याच्या उलट कमी होतं, नेमकं किती ते पावडर आणि स्लरीप्रमाणे थोडं बदलतं. दोन्ही तुकड्यांत एकूण पोकळी मात्र तेवढीच, ६० टक्क्यांच्या आसपास, कारण ती पाणी किती घातलं त्यावर ठरते. ही गोष्ट कागदावर वाचलेली असते पण आर्किमिडीजच्या पद्धतीने, म्हणजे हवेत आणि पाण्यात, दोन्ही तुकडे तोलून एकच आकडा आला आणि फोटोत मात्र दोन वेगळी जगं, तेव्हा ती पटते. कुणाला गाळणी करायची असेल तर बारीक हवीत, कुणाला हाडाच्या जागी भरायचा सच्छिद्र तुकडा करायचा असेल तर पेशी आत शिरायला १०० मायक्रॉनच्या आसपासची किंवा त्याहून मोठी हवीत, आणि दोघांनाही एकाच बाटलीतून देता येईल, गोठवायचा वेग तेवढा बदलायचा.

आता एक नुकसान सांगते, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून. चौथ्या तऱ्हेचे आठ चांगले तुकडे गोठवून झाले आणि फ्रीझ ड्रायर, म्हणजे व्हॅक्यूममध्ये बर्फ काढून टाकणारं यंत्र, दुसऱ्या कुणाच्या कामात अडकला होता. शनिवार-रविवार मध्ये. मी ते नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवले आणि निर्धास्त घरी गेले, गोठलेलंच तर आहे, गोठलेलं राहील. सोमवारी सुकवले, भाजले, कापले, आणि अंतर पंचवीसच्या जागी चाळीस-पंचेचाळीस, पात्यांच्या कडा गोलसर झालेल्या, कंगोरे नाहीसे. आठच्या आठ गेले, तीन आठवड्यांचं काम. मग फ्रीझरमध्येच थर्मोकपल ठेवून दोन दिवस नोंद घेतली. दार दिवसातून कितीतरी वेळा उघडलं जात होतं आणि आतलं तापमान उणे अठरा ते उणे सहा असं फिरत होतं. बर्फ पूर्ण वितळला नव्हता, पण शून्याच्या जवळ गेला की लहान स्फटिक विरतात आणि त्यांचं पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतं, त्यात स्लरीत विरघळलेला बाइंडर आणि डिस्पर्संट असल्यामुळे थोडंसं द्रव उणे तापमानातही शिल्लक असतं, मग हे अजून सोपं होतं. म्हणून गोठवणं हे रेष माथ्यावर पोचली की संपत नाही, बर्फ तुकड्यातून निघून जाईपर्यंत ते चालूच असतं. तेव्हापासून ड्रायर आधी बुक करते, आणि ठेवावंच लागलं तर उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये.

सुकवण्याबद्दल आणि भाजण्याबद्दल थोडक्यातच सांगते. ड्रायरमधला दाब ६११ पास्कलच्या बराच खाली हवा, त्याच्या वर पाणी द्रवरूपात राहू शकतं आणि तुकडा आतून बसतो. आमच्या ड्रायरचं सील एकदा गळत होतं तेव्हा तुकड्याचा तळ पाणी सुटून चिखल झाला होता. माझ्या मापाचे तुकडे दोन दिवस घेतात, घाई नको. सुकलेला तुकडा बोटांनी दाबला तर चुरा होतो, चिमट्याने नाही तर तळहातावर घेऊन न्यावा. भट्टीत पाचशे-सहाशे अंशांपर्यंत मिनिटाला एक अंशाने, बाइंडर हळू जळून जाऊ दे, मग १५५० वर दोन तास. तुकडा सगळीकडून आकसतो, आणि थंड झाल्यावर टिचकी मारली तर काचेसारखा आवाज येतो.

पाचवी तऱ्हा आली ती एका उरलेल्या दोषामुळे. चौथ्या तऱ्हेत पाती उभी होती, अंतर एकसारखं होतं, पण तुकडा आडवा कापला, म्हणजे वरून बघितला, तर जमीन वेगवेगळ्या दिशांनी नांगरलेल्या शेतासारखी दिसायची. इथे एका दिशेच्या ओळी, दोन मिलिमीटरवर दुसऱ्याच दिशेच्या, शेतातल्या वेगवेगळ्या वाफ्यांसारख्या. कारण तांब्याच्या सपाट चकतीवर बर्फ एकाच वेळी शंभर ठिकाणी जन्मतो आणि प्रत्येक जण आपापल्या दिशेने तोंड करून, खालून वर जाण्यावर सगळ्यांचं एकमत पण आडवं कुठे पसरायचं यावर नाही.

यावर उपाय दुसऱ्यांनी आधीच शोधलेला होता, दोन दिशांनी एकाच वेळी गोठवणं. तांब्यावर सिलिकॉन रबराची एक उतरती पाचर ठेवायची, एका टोकाला जवळजवळ शून्य जाडी आणि दुसऱ्या टोकाला काही मिलिमीटर. रबरातून उष्णता हळू जाते, त्यामुळे पातळ टोकाला स्लरी आधी थंड होते आणि जाड टोकाला उशिरा, म्हणजे थंडी खालून वर तर जातेच पण डावीकडून उजवीकडेही जाते. बर्फ फक्त पातळ टोकाच्या कडेवर, एका ओळीत जन्मतो, आणि तिथून सगळी पाती खांद्याला खांदा लावून निघतात.

पाचर मी स्वतः ओतली, रबर कालवून, साचा दहा अंशांवर तिरका ठेवून, ओव्हनमध्ये कडक करून. पहिली पाच अंशांची केली होती ती पुरली नाही, वाफे कमी झाले पण राहिले. दहावर काम झालं, पंधरावर त्याहून चांगलं. नळीही गोल चालेना, चौकोनी केली. या वेळी रेष आडवी नव्हती, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, तिरकी चढत होती, आणि फोटो घेताना मी फोन स्टँडवरून काढून हातात घेऊन जवळ गेले कारण विश्वासच बसेना की इतकं साधं रबर हे करू शकतं.

ताकद मोजायची तेव्हा पात्यांच्या दिशेने दाबलं आणि आडवं दाबलं, दोन्हींत मोठा फरक, पात्यांच्या दिशेने कितीतरी जास्त भार घेतो. ते अपेक्षितच होतं. पण मला जे बघायचं होतं ते दुसरंच. पाच तऱ्हांचे पाच तुकडे ओळीने मांडले, सगळ्यांचा माथा घासून सपाट केलेला, खालचे तीन मिमी कापून टाकलेले, आणि प्रत्येकावर ड्रॉपरने पाण्यात कालवलेल्या लाल शाईचा एक-एक थेंब सोडला. फ्रीझरवाल्यावर थेंब वेडावाकडा पसरला, एका भेगेत शिरला आणि बाजूने बाहेर आला. नायट्रोजनवाल्यावर हळूहळू आत ओढला गेला, मधल्या तड्याला गडद रेघ उमटली. तिसऱ्यावर आणि चौथ्यावर थेंब पडल्या पडल्या आत गेला, वर फिकट डाग राहिला, कडेला दातेरी, कारण प्रत्येक वाफ्यात शाई आपापल्या दिशेने धावली होती.

पाचव्यावर थेंब पडला आणि गोल राहिलाच नाही. दोन्ही बाजूंना ताणला गेला, आधी लंबगोल, मग सरळ लाल पट्टा, तुकड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि दोन्ही कडा पट्टीने आखल्यासारख्या. तुकडा उचलून उलटा केला तर खालच्या बाजूलाही तेवढाच लाल पट्टा, त्याच जागी, त्याच दिशेने. ताईंना हाक मारली. त्यांनी तुकडा हातात घेतला, दोन्ही बाजू बघितल्या आणि विचारलं, "पाचर किती अंशांची होती?" या वेळी ते वहीत लिहिलेलं होतं.